अकरा फेऱ्या बाकी

बाबांचं तेरावं झालं त्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेसहाच्या सुमाराला दाराची कडी वाजली. पाहुण्यांच्या गाद्या अजून गुंडाळून भिंतीशी लावलेल्या होत्या, घरभर उदबत्तीचा वास रेंगाळत होता आणि आई स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवून नुसती उभी होती. दार उघडलं तर बाबांचे कॅडी, म्हणजे गोल्फ खेळताना त्यांची बॅग घेऊन बरोबर चालणारे. पांढरा शर्ट, मनगटापर्यंत बटणं लावलेला, चपला खाली जिन्यापाशीच काढलेल्या. वीसेक वर्षं बाबा त्यांना ‘भाई’ म्हणत आले आणि मी ‘काका’. काका आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहूनच त्यांनी पिशवीतून प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला एक कागद काढला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, “बेन, अगियार राउंड बाकी छे.”

मला काहीच उमगेना. कागद माझ्या ओळखीचा होता, कारण तो मीच टाइप केलेला होता. मे २०२० मधला. वर ठळक अक्षरांत मैदान पुन्हा सुरू करताना पाळायच्या नियमांचं शीर्षक, खाली एक ते बावीस आकडे, गुजराती प्रत. काकांनी कागद उलटा केला. मागची बाजू मी कोरी सोडली होती, ती आता बॉलपेनच्या बारीक उभ्या रेघांनी भरली होती. चार उभ्या आणि त्यांच्या अंगावरून पाचवी तिरपी, अशा जुड्या. बहुतेक रेघांवर वेगळ्या शाईने काट मारलेली होती. शेवटच्या अकरा रेघा, एवढ्याच मोकळ्या राहिल्या होत्या. “साहेबांनी आगाऊ दिले होते,” काका म्हणाले, “लॉकडाउनमध्ये. मी फेडत होतो.” मी रात्रभर जागी होते, डोळे चुरचुरत होते, आणि समोरच्या माणसाचं ओझं हलकं करावं एवढाच विचार त्या घटकेला माझ्या मनात होता. म्हटलं, “काका, राहू दे ना आता. बाबाच नाहीत. कसला हिशेब?” त्यांनी कागद परत पाकिटात सरकवला. कोपरे नीट बसवले. “हिसाब तो हिसाब छे, बेन,” म्हणाले आणि जिना उतरून गेले. आई कप घेऊन बाहेर आली तेव्हा जिन्यावर कोणी नव्हतं.

“राहू दे म्हणालीस त्यांना?” आईने विचारलं, आणि तो चहा तिने स्वतःही घेतला नाही.

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्यासारख्या घरात गोल्फ आला कसा, हे मला लहानपणापासून लोक विचारत आलेत. बाबांचा जन्म १९४९ चा, बडोदं संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं त्याच वर्षीचा. आजोबा संस्थानच्या एका खात्यात कारकून होते. लक्ष्मीविलास राजवाड्याच्या आवारात महाराज प्रतापसिंहरावांनी युरोपियन पाहुण्यांसाठी गोल्फचं मैदान करवून घेतलं होतं. नव्वदच्या दशकात त्याच राजघराण्यातल्या समरजितसिंहांनी ते नव्याने घडवलं आणि बाहेरच्या लोकांना खुलं केलं, पण बाबांच्या लहानपणी ते लांबून बघण्याचंच हिरवं होतं. मोतीबागेत रणजीचा सामना बघायला जाताना झाडांच्या फटीतून ते दिसायचं. भर एप्रिलमध्ये एवढा ओला हिरवा रंग कुठून येतो, हे त्यांना कळायचं नाही. पुढे नोकरी लागली ती शहराबाहेरच्या एका कारखान्यात, आणि तिथल्या वसाहतीत नऊ होलचं मैदान होतं. तिथे मात्र हिरवं फक्त पावसाळ्यात. बाकी वर्षभर कडक माती, सुकलेलं गवत, कडेने निंब आणि बाभळी.

त्या मैदानावर ग्रीन नव्हतेच, ब्राऊन होते. ज्यांनी ते पाहिले नाहीत त्यांच्यासाठी जरा सांगते, कारण ते मला फार आवडायचे. पाण्याची चैन परवडत नाही अशा मैदानावर होलभोवतीचा गोल हिरवळीचा न करता वाळूचा करतात. वाळूत जळकं इंजिन ऑइल मिसळून ती दाबून बसवतात. ऑइलमुळे वाळू उडत नाही आणि चेंडू सरळ घरंगळतो. दुपारी त्या गोलाजवळ गेलं की गॅरेजमध्ये येतो तसा तापलेला वास येतो. माणसं चालली की त्यावर बुटांचे ठसे उमटतात, म्हणून प्रत्येक जोडीनंतर कॅडी दोरीला बांधलेला जड पट्टा होलपासून सुरू करून गोल गोल फिरत बाहेरपर्यंत ओढत नेतो. पट्टा ओढून झाला की त्या काळपट वाळूवर ग्रामोफोनच्या तबकडीसारख्या बारीक रेषा उमटतात. काका हे काम करायचे तेव्हा मान खाली, पावलं अगदी सारख्या अंतरावर, आणि शेवटचं पाऊल गोलाबाहेर टाकताना ते हळूच उडी मारायचे, आपलाही ठसा राहू नये म्हणून. मी सात-आठ वर्षांची असताना तिथे दुसरे एक म्हातारे कॅडी होते, त्यांचीही उडी तशीच. बहुधा काका ती त्यांच्याकडूनच शिकले असावेत.

कॅडी म्हणजे बॅग उचलणारा माणूस, असं बाहेरच्यांना वाटतं. बाबा याबाबतीत फार हळवे होते. कॅडीने सुरुवात करून खेळाडू झालेल्या दिल्लीच्या अली शेरने १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकली आणि १९९३ मध्ये पुन्हा जिंकली, हे ते आल्यागेल्याला सांगत. बाबा बॅगेत, नियमानं चौदापर्यंत काठ्या ठेवता येतात तिथे, नऊच ठेवायचे, पण प्रत्येक फटक्याआधी त्यातली कुठली काढायची, हे काकांना विचारल्याशिवाय ठरवत नसत. ब्राऊनवर आले की दोघंही उकिडवे बसायचे. काका एका हाताने डोळ्यांवर सावली धरून उतार वाचायचे आणि सांगायचे, “बे कप डाबी बाजू.” म्हणजे होलच्या डावीकडे दोन कपांच्या रुंदीएवढं अंतर धरून मारा. कपाची रुंदी जगभर एकच, सव्वाचार इंच, म्हणून तेच त्यांचं माप. बाबा मारायचे. चेंडू पत्र्याच्या कपात पडला की एक छोटा, गोल आवाज यायचा. दोनदा. आधी कडेला टेकल्याचा, मग तळाशी बसल्याचा. बाबा त्या आवाजाच्या वेळी डोळे मिटून घ्यायचे.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठची घोषणा झाली आणि दुसऱ्या दिवसापासून सगळं थांबलं. ते दिवस सगळ्यांनीच काढलेत, त्यांचं वर्णन नको. आमच्या गल्लीत एवढी शांतता झाली की पलीकडच्या घरातल्या कुकरच्या शिट्ट्या मोजता यायच्या. मी एका कारखान्यात सेफ्टी विभागात काम करते. आमचं उत्पादन अत्यावश्यक यादीत होतं, त्यामुळे पास गळ्यात अडकवून रोज कामावर जात होते, आणि घरी आल्यावर जिन्यातच कपडे बादलीत टाकून थेट न्हाणीघरात. बाबा ७१ चे, आई ६८ ची. माझ्या हातून घरात काही येईल, या भीतीने मी त्या दिवसांत त्यांच्या खोलीच्या दारातून बोलायचे. बाबांनी दिवाणखान्यातली सतरंजी ताणून अंथरली होती, पितळेचा पेला आडवा ठेवला होता आणि पटरने, म्हणजे चेंडू घरंगळत होलकडे ढकलायच्या काठीने, चेंडू त्यात घालत बसायचे. टण्‌. मग थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा टण्‌. खालचे शेजारी एरवी एवढ्यातेवढ्यावरून भांडायला यायचे, पण त्या दीड महिन्यात त्यांनी एकदाही तक्रार केली नाही.

१७ मेचा केंद्राचा आदेश आला. त्यात क्रीडासंकुलं उघडायला मुभा होती, प्रेक्षकांना नव्हती. ६५ वर्षांवरच्यांनी घरातच राहावं, हेही त्यातच होतं. दुसऱ्याच दिवशी मैदानाच्या कमिटीतल्या एकांचा फोन आला. जिल्ह्याकडे द्यायला आणि गेटवर लावायला नियमावली हवी होती. कारखान्यातल्या कामाच्या पद्धती कागदावर उतरवणं हा माझा रोजचा धंदा, आणि बाबा जुने सभासद, म्हणून काम माझ्याकडे आलं. मी ते मनापासून केलं. इंग्लंडमधली मैदानं १३ मेला उघडली होती, तिथे एकट्याने किंवा दोघांनी खेळायचं असं ठरलं होतं. सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए या संस्थेने खेळाच्या नियमांत तात्पुरत्या सवलती दिल्या होत्या. ते सगळं मी दोन रात्री बसून वाचलं. झेंड्याची काठी होलमधून काढायची नाही. हे सोपं होतं, कारण २०१९ पासून ती होलमध्ये ठेवूनच पट करायची परवानगी खेळाने दिली होती. कपात फोमचा तुकडा बसवायचा, म्हणजे चेंडू तळाशी जाणार नाही, वरच्या वर उचलता येईल आणि कपाला बोटं लागणार नाहीत. बंकरमधली, म्हणजे वाळूच्या खड्ड्यांतली, दाताळी काढून टाकायची. प्रत्येकाने स्वतःचंच फटक्यांचं कार्ड लिहायचं, एकमेकांची बदलायची नाहीत. दोन जोड्यांत दहा मिनिटांचं अंतर. पाण्याची टाकी बंद, चहा बंद, व्हरांड्यात बसणं बंद, पत्त्यांची खोली कुलूपबंद. फाटकावर कपाळाला बंदूक, हातावर सॅनिटायझर, मोबाइलमध्ये आरोग्य सेतू.

नववा नियम असा होता: कॅडी नेऊ नये, प्रत्येकाने आपली बॅग स्वतः उचलावी. त्यामागे मी गणित केलं होतं. नव्वद फटक्यांची फेरी धरली तर काठी कॅडीच्या हातातून खेळाडूच्या हातात आणि परत, अशी निदान दीडशे वेळा जाते-येते. विषाणू प्लास्टिकवर आणि स्टीलवर ७२ तासांपर्यंत टिकतो, असं प्रयोगशाळेतलं निरीक्षण मार्चमध्येच छापून आलं होतं आणि आमच्या विभागात ते वाक्य सगळ्यांना पाठ होतं. दीडशे वेळा हात बदलणारी वस्तू आमच्या कारखान्यात असती तर मी तीच पहिली बंद केली असती. मग इथे वेगळं का करायचं? रात्री जेवताना मी नियम मोठ्याने वाचून दाखवत होते. नववा वाचला तेव्हा बाबांचा घास हातातच राहिला.

“मग भाई?”

“तात्पुरतं आहे हो, बाबा.” त्यांनी थोडा वेळ ताटाकडे बघितलं. मग म्हणाले, “बरोबर आहे. लिही.” आणि पुढचे तेरा नियम त्यांनी काही न बोलता ऐकून घेतले.

एकविसावा नियम टिटवीचा होता. दोन महिने कोणी फिरकलं नाही, गवत कापलं नाही, तेव्हा सहाव्या फेअरवेवर, म्हणजे होलकडे जाणाऱ्या मोकळ्या पट्ट्यावर, उघड्या मातीत टिटवीने चार अंडी घातली होती. मला ते माळ्याने फोनवर सांगितलं. टिटवीने उंचवट्यावर अंडी घातली की पाऊस चांगला होतो, असं आमच्याकडे मानतात, आणि ही अंडी म्हणे चांगल्या उंचवट्यावर होती. मी लिहिलं: घरट्याभोवती चुन्याने दहा फुटांचा गोल आखावा, त्यात कोणी जाऊ नये, चेंडू आत गेल्यास दंड न लावता बाहेर ठेवून खेळावा. हा नियम लिहिताना मला बरं वाटलं होतं, कमिटीतल्यांनीही त्याचं कौतुक केलं. आज तो कागद डोळ्यांपुढे आला की मी नवव्यावरून एकविसाव्याकडे जाते आणि परत नवव्यावर येते. दाताळ्यांचं काय करायचं, ती कुठे ठेवायची, हे मी लिहिलं होतं. अंड्यांची सोय लिहिली होती. चौदा माणसं फेरीमागे रोख पैसे मिळवून घर चालवत होती, त्यांचं काय, यावर त्या बावीस नियमांत एक ओळ नव्हती. कमिटीत कुणी ती नको म्हटलं असंही नाही. मलाच ती सुचली नव्हती.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मैदान उघडलं. पहिल्या सकाळी सगळं नीट चाललंय ना, हे बघायला मी गेले. आधीच्या रात्री वळीव येऊन गेला होता. ओल्या मातीचा आणि ऑइलचा वास एकत्र झाला होता. सभासद आपापल्या बॅगा खांद्यावर घेऊन, दर शंभर पावलांनी थांबत, घाम पुसत चालले होते. ब्राऊनवर ठसेच ठसे होते, कारण पट्टा ओढायला कोणी नव्हतं आणि सामाईक पट्ट्याला हात लावायचा नाही हा दहावा नियम होता. आणि तारेच्या कुंपणाबाहेर, निंबाखाली, कॅडी उभे होते. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडावर मास्क किंवा रुमाल, नाकावरून घट्ट. एकमेकांत सहा फुटांचं अंतर, अगदी मोजून ठेवल्यासारखं. कुंपणाच्या आत मी पाहिलं त्यापेक्षा जास्त नीटपणे ते नियम पाळत उभे होते. कोणी फटका मारला की सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर वर जायच्या आणि तो पडला की खाली यायच्या. एकाने हळूच म्हटलेलं मला ऐकू आलं, “सात नंबर काढायला हवा होता.” काका त्यांच्यात नव्हते.

काका भाजीची लारी, म्हणजे हातगाडी, चालवत होते. मेव्हण्याची लारी, आठवड्यातून दोनदा आमच्या गल्लीत. बाबा गॅलरीत, ते खाली, दोन मजल्यांचं अंतर. वरून आई दोरीने टोपली सोडायची, दुधी, गवार, कोथिंबीर वर यायची. भाव विचारायची ती औपचारिकता होती. खरं बोलणं वेगळंच चालायचं: चौथ्या होलवरची बाभूळ पडली का, सहाव्यावरची पिल्लं निघाली का. टोपलीच्या तळाशी वर्तमानपत्राखाली बाबा नोटा ठेवायचे. मी दोनदा पाहिलं. भाजीच्या मानाने त्या खूपच जास्त होत्या. पण मला पैशांचं काही वाटलं नाही, मला वाटली ती नोटांची भीती. “बाबा, नोटा हातोहात फिरतात, तुम्ही नंतर हात तरी धुता का?” मी टोपली चार तास उन्हात ठेवायला लावली, दोरीवर फवारा मारला. बाबांनी तेही केलं. ते पैसे म्हणजे बंद पडलेल्या शनिवार-रविवारच्या फेऱ्या आहेत, २५ मार्चपासूनच्या, हे त्यांनी मला सांगितलं नाही. काका ते फुकट घ्यायला तयार नव्हते, म्हणून आगाऊ धरायचे असं दोघांत ठरलं होतं. आईला सगळं ठाऊक होतं.

एका दुपारी टोपलीतून भेंड्यांबरोबर फोमचा एक निळा तुकडा वर आला. पोहायला शिकणारी मुलं काखेत धरतात त्या नळीचा, वीतभर कापलेला. कमिटीने काकांना एका दिवसाच्या मजुरीवर बोलावलं होतं. कुठल्या होलचा कप किती खोल आहे हे त्यांच्याएवढं कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून नऊही तुकडे त्यांनीच मापाने कापून बसवले होते. हा दहावा, जास्तीचा. खालून वर बघत ते म्हणाले, “हवे अवाज नथी आवतो, साहेब.” आता आवाज येत नाही. बाबांनी तुकडा अंगठ्याने दाबला. तो दबला आणि हळूहळू पुन्हा वर आला. त्यांनी तो पुन्हा दाबला. मी आतून बघत होते. मला वाटलं, काका तक्रार करताहेत. आता वाटतं, तसं नव्हतं. मैदानावर काय चाललंय ते रोज सांगायचे, त्यातलीच ती एक बातमी होती, आणि ती ज्याला कळेल अशा एकाच माणसाकडे त्यांनी पोचवली होती.

अमेरिकेतली पीजीए टूर ही व्यावसायिक गोल्फ स्पर्धांची मालिका ११ जूनला टेक्सासमध्ये प्रेक्षकांविना सुरू झाली, तेव्हा बाबांनी मला मोबाइलवर एक चित्र दाखवलं होतं. हिरव्यागार फेअरवेवर खेळाडू आणि त्याच्याबरोबर बॅग घेतलेला कॅडी. ते एवढंच म्हणाले, “यांचे चालताहेत.” मी म्हटलं, त्यांच्याकडे तपासण्या होतात, आपल्याकडे कुठे? माझं म्हणणं खोटं नव्हतं. पण नंतर, हळूहळू, जगालाच कळत गेलं की हा आजार मुख्यतः श्वासातून, बंद हवेतून पसरतो. वस्तूला हात लावून होण्याची शक्यता फार थोडी, हे एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनेही लिहिलं. म्हणजे कुलूप लावलेली पत्त्यांची खोली, बंद केलेला चहा, दोन जोड्यांतलं अंतर, हे बरोबर होतं. फोम, दाताळी, झेंड्याची काठी यांचा फारसा उपयोग नव्हता. आणि मोकळ्या माळावर सहा फूट अंतर राखून, मास्क लावून शेजारून चालणारा माणूस, ज्याने काठीला हात न लावता नुसतं ‘बे कप डाबी बाजू’ सांगितलं असतं, त्याला बाहेर ठेवायची गरज नव्हती. मे २०२० मध्ये हे मला पुरतं कळणं शक्य नव्हतं, हे मी स्वतःला बरेचदा सांगते. पण बॅग उचलू नका, बरोबर मात्र चाला, पैसे ठरलेलेच मिळतील, हे लिहायला विषाणूचं ज्ञान लागत नव्हतं. नवव्या नियमात अजून पाच शब्द घालायची जागा होती.

ऑक्टोबरमध्ये कॅडींना परवानगी मिळाली. बाबाही आम्हाला न जुमानता गेले. मी गाडी घेऊन सोडायला गेले होते. दोघं एकमेकांसमोर आले आणि नमस्कार की हात मिळवायचा, हे न सुचून नुसते उभे राहिले. मग काकांनी बॅग उचलली, पट्टा खांद्यावर बसवला, तो दोनदा सारखा केला. तोवर फोम काढलेला होता. पहिल्या ब्राऊनवर बाबांचा चेंडू कपात पडला, आणि लांब गाडीपाशी उभी असलेल्या मलाही तो आवाज ऐकू आला. दोनदा. पुढे एक फेरी रोखीची आणि एक आगाऊतली, असं काकांनी ठरवलं. दुसऱ्या लाटेत मैदान परत बंद झालं तेव्हा बाबांनी पुन्हा पैसे पुढे केले, काकांनी घेतले नाहीत. जुनं फिटल्याशिवाय नवं नको म्हणाले.

त्यानंतरची एक सकाळ माझ्या लख्ख लक्षात आहे. ७ ऑगस्ट २०२१, शनिवार. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फपटू आदिती अशोक पदकाच्या अगदी जवळ आली होती आणि ज्या देशात गोल्फचे नियम कुणाला माहीत नाहीत, तो सगळा देश भल्या पहाटे उठून पटरकडे बघत होता. आमच्याकडे टीव्हीसमोर बाबा, आई, मी, खालचे शेजारी, आणि जमिनीवर मांडी घालून काका. आदितीची बॅग तिच्या आईच्या खांद्यावर होती. एका फटक्याने कांस्य हुकलं, ती चौथी आली. सगळे हळहळत होते. काका मात्र तिच्या आईकडे बघत होते, आणि सारखे म्हणत होते, किती उकाडा आहे तिथे, बाईने चार दिवस बॅग खाली ठेवली नाही. आईने त्यांना दुसऱ्यांदा चहा दिला तेव्हाही ते तेच म्हणाले.

हे सगळं मला त्या सकाळनंतर आठवत राहिलं. ‘राहू दे’ हा शब्द आपल्याकडे किती मायेने वापरतात. भाजीवाल्याला सुटे पैसे राहू दे, पाहुण्यांना भांडी राहू दे. मीही मायेनेच म्हटला होता. पण मे २०२० मध्ये मी त्यांचं काम एका ओळीत बंद केलं, आणि तीन वर्षांनी त्या कामाचा त्यांनी जपून ठेवलेला हिशेबही एका शब्दात बंद केला, दोन्ही वेळा त्यांना न विचारता. चोपन्न रेघा होत्या त्या कागदावर. त्रेचाळीस त्यांनी चालून फेडल्या होत्या, गुडघे दुखत असताना. पंधरा दिवस मी टाळाटाळ केली. मग आई एका रात्री म्हणाली, “बॅग माळ्यावर टाकू नकोस. त्यांच्याकडे घेऊन जा, आणि तुझे बूटही घे.”

मी आयुष्यात गोल्फ खेळलेले नाही. रविवारी सकाळी सातला पोचले तर काका फाटकाशीच होते. मी म्हटलं, “काका, त्या अकरा माझ्या नावावर करता येतील का?” त्यांनी उत्तर दिलं नाही. बॅग माझ्या हातातून घेतली, चेन उघडून काठ्या मोजल्या, नऊ. बाजूच्या खिशात हात घातला तर तो निळा तुकडा निघाला. उन्हात पडून त्याचा रंग विटला होता, कडा भुरभुरत होत्या. त्यांनी तो अंगठ्याने दाबून पाहिला, परत खिशात ठेवला आणि चेन लावली. मग बॅग खांद्यावर. पहिल्या होलवर माझे सतरा फटके लागले. ब्राऊनवर आले तेव्हा ते उकिडवे बसले, डोळ्यांवर हात धरला आणि मला बसायची खूण केली. मी बसले. मला तिथे उतार दिसला नाही, नुसत्या गोल गोल रेषा आणि पलीकडे कलता झेंडा. “दोढ कप जमणी बाजू,” ते म्हणाले. दीड कप उजवीकडे. माझा चेंडू पुढे निघून गेला. परत मारला. चौथ्या वेळेला गेला.

फेरी संपल्यावर निंबाखाली त्यांनी पाकिटातून कागद काढला आणि पेन माझ्याकडे दिलं. काट मी मारायची होती. मग ते पट्टा ओढायला शेवटच्या ब्राऊनकडे गेले, आणि गोलाबाहेर येताना त्यांनी ती छोटी उडी मारली, गुडघ्यावर हात ठेवून.

आता सात बाकी आहेत. महिन्याला एकच खेळायची, असं मी त्यांना सांगितलंय. ते म्हणाले, “चालशे, बेन.”